चांदीचा रंग कातडीवर का उतरतो?

हौसेने घेतलेली चांदीची अंगठी आठ-पंधरा दिवस बोटात राहिली की तिच्याखाली काळपट किंवा हिरवट कडे उमटते. पैंजणांखालच्या घोट्यावर, जोडव्यांच्या जागी पायाच्या बोटांवर, गळ्यातल्या साखळीच्या रेषेवर असाच रंग चढतो. मग घरात दोन तऱ्हांची निदाने होतात. एक पक्ष म्हणतो, सराफाने फसवले, चांदी खोटी आहे. दुसरा म्हणतो, चांदी खरीच आहे, पण अंगात उष्णता फार. चांदी ती ओढून घेते म्हणून काळी पडते. पहिल्या निदानाने एखाद्या प्रामाणिक दुकानदारावर विनाकारण ठपका येतो. दुसरे निदान अधिक धोक्याचे आहे, कारण त्यामुळे कातडीचा खराखुरा विकारही ‘उष्णता बाहेर पडते आहे’ अशा समजुतीने महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

वास्तविक डागाचा रंग कोणता आहे आणि तो साबणाने जातो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. काळा डाग, हिरवा डाग, खाजणारा लाल चट्टा आणि काही केल्या न निघणारा निळसर-करडा ठिपका या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही.

प्रथम काळ्या रंगाचा विचार करू. लोखंड गंजते तशी चांदी गंजत नाही. हवेतल्या प्राणवायूला सर्वसाधारण तापमानात ती दाद देत नाही. म्हणूनच सोने आणि प्लॅटिनम यांच्या पंगतीत तिला पाट मिळाला आहे. पण तिचे एक जन्मजात दुबळेपण आहे, ते म्हणजे गंधक. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू चांदीच्या सान्निध्यात आला की दमट हवेच्या साह्याने तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. हा थर आधी पिवळसर दिसतो, मग तांबूस-तपकिरी होतो, त्यावर निळी-जांभळी झाक येते आणि शेवटी तो काळाठिक्कर पडतो. नाकाला वास जाणवू नये इतक्या अल्प प्रमाणातला वायूही चांदीला पुरतो. गटारे, नाले, खाडीकाठचा चिखल, कुजणारा कचरा ही सारी त्याची उगमस्थाने आहेत. मुंबईसारख्या दमट आणि नाल्यांनी वेढलेल्या शहरात देवघरातली चांदीची समई महिन्याभरात मलूल दिसू लागते, याचे आश्चर्य वाटायला नको.

गंधक केवळ हवेतूनच येतो असे नाही. अंडी, कांदा आणि लसूण यांत गंधकाची संयुगे असतात. उकडलेले अंडे चांदीच्या चमच्याने खाल्ले की चमचा काळवंडतो. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेला असतो, त्यामुळे रबरबँड लावून ठेवलेल्या चांदीच्या नाण्यावर नेमकी रबराची काळी रेघ उठते. मुरुमांवरच्या आणि खरजेवरच्या काही साबणांत व मलमांत गंधक असतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गंधकयुक्त उष्णोदकात डुंबून आलेल्यांच्या अंगठ्या काळ्या होतात, त्या याच कारणाने. खुद्द आपल्या त्वचेतल्या आणि केसांतल्या प्रथिनांतही गंधक असतो. थोडक्यात, चांदी घालून वावरणारा माणूस दिवसभर या ना त्या वाटेने तिला गंधक पुरवीतच असतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. काळी पडणे हा चांदी खोटी असल्याचा पुरावा नव्हे. शुद्धातली शुद्ध चांदीही काळी पडते. तो तिचा धर्मच आहे. उलट कितीही वर्षे वापरून तसूभर न काळवंडणारी ‘चांदी’ दिसली, तर तिच्यावर ऱ्होडियमसारख्या धातूचा मुलामा आहे, की ती मुळात चांदीच नव्हे, असा प्रश्न विचारणे अधिक रास्त ठरेल.

आता दागिन्यावरचा काळेपणा कातडीवर कसा येतो? त्याची एक वाट सरळ आहे. सिल्व्हर सल्फाइडचा थर घर्षणाने सुटतो, घामाने ओला होतो आणि त्वचेच्या बारीक सुरकुत्यांत जाऊन बसतो. दुसरी वाट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते आणि ती मोठी मजेदार आहे. चांदी हा मऊ धातू आहे. पदार्थांची कठिणता मोजण्याच्या मोह्ज श्रेणीवर तिचा क्रमांक २.५ ते ३ असा लागतो. याउलट चेहऱ्याला व गळ्याला लावायच्या अनेक प्रसाधनांत, उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांत, कॅलामाइनमध्ये आणि बाळांच्या पुरळावरील लेपांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही भुकटी असते. झिंक ऑक्साइडची कठिणता ४ च्या आसपास आहे, टायटॅनियम डायऑक्साइडची ५.५ ते ६.५. म्हणजे चांदीहून ही भुकटी कठीण. असे प्रसाधन लावलेल्या कातडीवर साखळी घासली की ती भुकटी पॉलिश कागदासारखे काम करते आणि धातूचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते. धातू सलग असताना चकाकतो. पण त्याचे फार बारीक कण केले की ते प्रकाश परावर्तित करण्याऐवजी गिळतात आणि काळे दिसतात. गळ्यावर काळी रेघ उमटते ती अशी. त्वचारोगशास्त्रात या प्रकाराला ‘ब्लॅक डर्मोग्राफिझम’ असे नाव आहे आणि तो सोन्याच्या दागिन्यांतही आढळतो. खात्री करून घ्यायची असेल तर मनगटाच्या अर्ध्या भागावर झिंक ऑक्साइडचे मलम लावून ते वाळू द्यावे, आणि स्वच्छ पुसलेली चांदीची अंगठी दोन्ही अर्ध्या भागांवरून हलकेच ओढावी. रेघ एकाच बाजूला उमटेल. हा डाग साबणाने जातो, त्याने अपाय होत नाही. लग्नकार्यात शृंगार आधी आणि दागिने नंतर हा क्रम योग्यच आहे. फक्त दोहोंमध्ये प्रसाधन त्वचेत मुरायला थोडा अवधी द्यावा.

हिरव्या डागाची कथा निराळी. तिचा नायक चांदी नव्हे, तांबे. निव्वळ चांदी इतकी मऊ की तिची अंगठी वाकते, पैंजणाच्या कड्या झिजतात. म्हणून तिच्यात दुसरा धातू मिसळावाच लागतो, आणि बहुधा तो तांबे असतो. या मिसळीला सोनारांच्या भाषेत ‘हीण’ म्हणतात. ज्याच्या कसात हीण आले ते हिणकस. आपण हा शब्द माणसांच्या वागणुकीपासून कवितेपर्यंत कशालाही लावतो, पण त्याचे मूळ सोनाराच्या भट्टीशी आहे. दागिन्यांसाठी जगभर रूढ असलेल्या ‘स्टर्लिंग’ चांदीत हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग प्रामुख्याने तांबे असते. तेव्हा येथे हीण हा काही दोष नव्हे, ती गरज आहे. दोष उपजतो तो सांगितले एक आणि दिले दुसरे, असे झाले म्हणजे.

आंबट ताक किंवा चिंचेची आमटी कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात राहिली तर ती कळकते, हे जुन्या पिढीतल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आम्लामुळे तांबे सुटते आणि त्याचे हिरवट-निळे क्षार अन्नात उतरतात. अंगठीखाली नेमके हेच घडते. घामात मीठ असते, लॅक्टिक आम्ल असते, त्वचेच्या तेलकटपणात मेदाम्ले असतात. यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन हिरवे क्षार बनतात. बोट जणू कळकते, असे म्हणायला हरकत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. वितळलेल्या अवस्थेत चांदी आणि तांबे एकजीव होतात खरे, पण थिजल्यावर ते पुरतेपणी एकत्र राहत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली स्टर्लिंग चांदी पाहिली तर चांदीच्या पटलात तांब्याची छोटी छोटी बेटे विखुरलेली दिसतात. १८०० साली व्होल्टाने जगातली पहिली विद्युत घटमाला रचली, तेव्हा चांदी व जस्ताच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले होते. दोन भिन्न धातू आणि मधे खारे पाणी, एवढे वीज वाहायला पुरे. घामाने ओल्या झालेल्या अंगठीत अशा असंख्य सूक्ष्म घटमाला चालू होतात. त्यांत चांदी सुरक्षित राहते आणि तांब्याचा बळी जातो. म्हणून हजारात केवळ ७५ भाग असलेले तांबेही आपल्या वाट्याहून मोठा डाग पाडते. धुणीभांडी करताना अंगठीखाली साबणाचे पाणी अडकून राहते, जोडव्यांखालची जागा तर पावसाळ्यात कधी कोरडीच होत नाही. डाग तेथेच अधिक का पडतात, हे यावरून उमगेल.

जेवढे हीण जास्त तेवढा हिरवेपणा जास्त, हे ओघानेच आले. चांदीच्या शुद्धतेला बाजारात ‘टंच’ म्हणतात. पैंजण, जोडवी, करदोटे यांना झीज फार, म्हणून त्यांत कमी टंचाची चांदी सर्रास वापरतात. शिवाय कड्यांचे सांधे ज्या डाखाने जोडतात त्यात तांबे आणि जस्त असते. कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे गाव पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे, तर विदर्भातल्या खामगावची ओळखच रजतनगरी अशी. त्या त्या बाजारपेठेत टंचानुसार भाव ठरतो आणि जाणते गिऱ्हाईक तो विचारूनच घेते. शहरी ग्राहक मात्र नक्षी पाहतो, वजन पाहतो आणि टंच विचारायला विसरतो. हिरवा डाग पडला की त्याला तो आठवतो. एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, कारण ९२५ ची उत्तम चांदीही हिरवा रंग सोडू शकते. पण पावतीवर शुद्धतेचा आकडाच नसेल तर दोष निम्मा आपलाही. भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कची सोय चांदीलाही आहे. सोन्याला तो २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीसाठी सहा अंकाक्षरी ओळख-क्रमांकाची पद्धत १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली, पण ऐच्छिक म्हणून. मागणाऱ्याला मिळेल, असा तो मामला आहे. मागावे.

येथवर सांगितलेले डाग निरुपद्रवी आहेत. यापुढचा भाग मात्र लक्षपूर्वक वाचावा.

डाग पडणाऱ्या जागी खाज सुटली, कातडी लाल झाली, बारीक पुळ्या येऊन पाणी वाहू लागले, तर तो डाग नसून अ‍ॅलर्जी आहे, आणि तिचा गुन्हेगार बहुतेक वेळा निकेल हा धातू असतो. चांदीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त दागिन्यांत तो भरपूर असतो. ‘जर्मन सिल्व्हर’ हे त्यातले मोठे फसवे नाव. तीत नावापुरतीही चांदी नसते. साधारण ६० टक्के तांबे आणि उरलेल्या भागात निकेल व जस्त, अशी ती मिश्रधातू आहे. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांनाही ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. त्यांचा या जर्मनशी काडीचा संबंध नाही. नवरात्रात गरब्यासाठी ढिगांनी विकले जाणारे ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने ही दुसरी गंमत. त्यांचा काळेपणा ऑक्साइडचा नसतोच. चांदीच्या दागिन्यावर तो गंधकयुक्त द्रावणाने मुद्दाम आणलेला सल्फाइडचा थर असतो, म्हणजे एरवी जो काळेपणा आपण घासून काढतो तोच येथे पैसे देऊन विकत घेतो. अस्सल चांदीवर असे काम सुंदर दिसते. पण पदपथावरच्या मालात खाली चांदी नसून पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असते. नाचता नाचता घाम येतो, काळा थर पुसला जातो आणि उघडी मिश्रधातू कातडीला भिडते.

निकेलची अ‍ॅलर्जी तत्काळ उठत नाही. दागिना घातल्यानंतर एक ते तीन दिवसांनी चट्टा उमटतो, त्यामुळे शनिवारी घातलेल्या कानातल्यांचा आळ सोमवारी खाल्लेल्या वांग्यावर येतो. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर सोबत करते. घड्याळाच्या पट्ट्याखाली, चष्म्याच्या दांडीशी, जीन्सच्या धातूच्या बटणामुळे बेंबीजवळ किंवा मुलामा दिलेल्या मंगळसूत्राखाली असेच चट्टे उठत असतील, तर निदान जवळजवळ झालेच म्हणायचे. पक्के निदान त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने करतात. दागिन्यातला निकेल ओळखण्याचीही सोपी चाचणी आहे: डायमिथाइलग्लायॉक्झाइमचे द्रावण कापसाच्या बोळ्यावर घेऊन दागिन्यावर घासले आणि बोळा गुलाबी झाला, की निकेल सुटत असल्याचे कळते. युरोपीय समुदायाने १९९४ मध्येच निर्देश काढून कातडीला भिडणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, असे बंधन घातले. कान टोचल्यावर घालायच्या तारांसाठी पुढे ही मर्यादा ०.२ वर आणली गेली. त्या जखमेतून निकेल थेट आत शिरतो आणि अ‍ॅलर्जीचा पाया तेथेच घातला जातो, हे त्यामागचे कारण. बाळाचे कान टोचताना आणि त्याच्या हातापायांत वाळे घालताना धातूची खात्री करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

उरला निळसर-करडा ठिपका. तो समजून घेण्यासाठी मतदानानंतर डाव्या हाताच्या तर्जनीवर लावतात ती शाई आठवावी. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली आणि म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या कर्नाटक सरकारच्या कंपनीत बनणारी ही शाई म्हणजे मुख्यतः चांदीचीच करामत आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरच्या मिठाशी संयोग पावते आणि प्रकाश पडताच काळे होते. जुन्या छायाचित्रणाच्या फिल्ममागेही चांदीच्या क्षारांचा हाच गुण होता. ही खूण साबणाने जात नाही. कातडीचा वरचा थर झडेल आणि नख वाढून कापले जाईल तेव्हाच ती नाहीशी होते. दागिन्याखालचा काळा डाग कातडीवर बसलेला असतो, हा कातडीत असतो.

चांदी याहून खोल गेली तर मात्र झडून जाण्याचाही मार्ग उरत नाही. कानाच्या पाळीच्या छिद्रात वर्षानुवर्षे चांदीची तार राहिली, ती मासात रुतली, तर चांदीचे कण आतल्या थरात साठतात आणि पाळीच्या मागे निळा-करडा ठिपका दिसू लागतो. चांदीची कारागिरी करणाऱ्यांच्या बोटांवर बारीक कस रुतूनही असे ठिपके होतात. याला स्थानिक ‘अर्जिरिया’ म्हणतात. तो घातक नाही, पण दिसायला निळ्या तिळासारखा आणि क्वचित त्वचेच्या कर्करोगाच्या डागासारखा असल्याने डॉक्टरलाही चकवतो. असा नवा ठिपका दिसल्यास ‘चांदीचा असेल’ असे आपल्या मनाने ठरवू नये. तपासून घ्यावा आणि तेथे चांदी घालत होतो हे आवर्जून सांगावे.

दागिने घातल्याने साऱ्या अंगाचा रंग बदलल्याचे मात्र घडत नाही. तसे घडते ते चांदी पोटात घेणाऱ्यांच्या बाबतीत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००२ साली सिनेटची निवडणूक लढवणारे स्टॅन जोन्स यांचा चेहरा निळसर-करडा झाला होता. सन २००० उजाडताच संगणक कोलमडतील, प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या धास्तीने त्यांनी घरीच चांदीचे द्रावण करून ते पिण्यास आरंभ केला होता. संगणक चालूच राहिले, रंग मात्र गेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी कलिली चांदी सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाही असे जाहीर केले होते, तरी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून तिची विक्री चालूच राहिली. मिठाईवरच्या वर्खाची चिंता यावरून कोणी करू नये. त्यातले प्रमाण अत्यल्प असते. पण रोज चमचाभर चांदीचे पाणी घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

राहता राहिला अंगातल्या उष्णतेचा प्रश्न. एकाच दुकानातल्या, एकाच घडणीच्या दोन अंगठ्या दोन बहिणींच्या हातांत निरनिराळ्या वागतात, हा अनुभव खोटा नाही. कोणाला घाम अधिक येतो, कोणाचा घाम अधिक आम्ल असतो, कोणी दिवसभर पाण्यात हात घालते, कोणी गंधकाचे मलम लावते, कोणाची औषधे चालू असतात. फरक पडतो तो यामुळे. चांदीच्या काळेपणावरून प्रकृतीचे निदान करता येत नाही. ताप मोजायला तापमापक आहे, त्याचे काम पैंजणावर सोपवू नये.

डाग टाळायचे तर मुख्य उपाय कोरडेपणा हाच. हात धुताना व स्नानाच्या वेळी अंगठी काढावी, पुसून घालावी, रात्री उतरवून ठेवावी. अंगठीच्या आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला तर काही दिवस निभतात. ऱ्होडियमचा मुलामा अधिक टिकतो, पण तोही झिजतो. ठेवणीतली चांदी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, रबरबँड लावू नये. काळवंडलेली चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासण्याची आपली रीत मला तितकीशी पसंत नाही. तीत काळ्या थराबरोबर खालची चांदीही जाते आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. त्यापेक्षा काचेच्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरावी, तिला टेकतील असे दागिने ठेवावेत, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून वरून कढत पाणी ओतावे. अ‍ॅल्युमिनियम गंधक आपल्याकडे ओढून घेते आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होऊन जागच्या जागी राहते. त्या वेळी सडक्या अंड्याचा मंद वास येतो, तो सुटणाऱ्या गंधकाचा. मोत्यांचे, पोवळ्यांचे आणि खडे चिकटवलेले दागिने या पाण्यात घालू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिने तर मुळीच नकोत. नक्षीत मुद्दाम भरलेला काळा रंग पाच मिनिटांत उतरतो आणि तो पुन्हा भरून घ्यायला सोनाराकडे जावे लागते.